तालुक्याच्या कॉलेजात मानसिक आरोग्याची मदत कशी उभी करायची

कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती येणार म्हटलं की 'समुपदेशन कक्ष' ही पाटी नव्याने रंगते. आत एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर मनःशांतीचं सुभाषित आणि दाराला कुलूप. किल्ली ऑफिसात, कक्षप्रमुख परीक्षा विभागात. वर्षभराची नोंदवही मात्र भरलेली, सगळी एकाच पेनाने. हे कॉलेजात काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे, म्हणून त्यावर जास्त शाई खर्च करत नाही. ज्या प्राध्यापकाला, प्राचार्याला किंवा संस्थेच्या सचिवाला यंदा खरोखर काहीतरी उभं करायचं आहे, पण हाती ना पैसा ना पद, त्याच्यासाठी पुढचं सगळं.

तालुक्याच्या कला-वाणिज्य-विज्ञान महाविद्यालयातला मुलगा सकाळच्या एसटीने येतो आणि दुपारच्या गाडीने परततो. मधल्या वेळात तो मेडिकलच्या दुकानात उभा असतो, नाहीतर झेरॉक्सच्या टपरीवर. मुलगी तास संपताच निघते, कारण ती गाडी चुकली तर घरी जाब द्यावा लागतो. निम्मा वर्ग पोलीस भरतीची नाहीतर एमपीएससीची तयारी करतोय. सोयाबीनच्या, कापसाच्या किंवा ऊसतोडीच्या दिवसांत हजेरीपट रिकामा दिसतो. पूर्णवेळ समुपदेशक, वातानुकूलित खोली आणि आठवडाभर आधी घ्यायची अपॉइंटमेंट ही विद्यापीठाच्या आवारातली पद्धत इथे लागू पडत नाही. अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांची, म्हणजे तिथल्या स्थानिक दोन वर्षांच्या कॉलेजांची अडचणही बरीचशी हीच आहे: घरून ये-जा करणारी, नोकरी सांभाळून शिकणारी मुलं आणि निवासी विद्यापीठांच्या तुलनेत तोकडी सोय.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदवल्या आहेत. त्यातल्या १,७६४ महाराष्ट्रातल्या, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. मदत अजिबातच नाही असंही नाही. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, सरकारी फोनसेवा आहे, कायदा आहे, सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आहे. पण बीएच्या दुसऱ्या वर्षातली मुलगी यातल्या कशापर्यंतही पोचत नाही. तिच्या बाकापासून त्या ओपीडीपर्यंतचं अंतर कमी करणं एवढंच काम कॉलेजने करायचं आहे. उपचार करणं हे कॉलेजचं काम नव्हे, आणि तसा आव आणणारी कॉलेजं मला जास्त धोकादायक वाटतात.

पहिली पायरी: आधी स्वतः जाऊन या

एक दिवस रजा टाका आणि विद्यार्थी जाईल तसे, एसटीने, जिल्हा रुग्णालयात जा. मानसोपचार ओपीडी कोणत्या वारी असते, कोणत्या खोलीत बसते, केस पेपरची खिडकी किती वाजता बंद होते, हे तिथे उभं राहून लिहून घ्या. औषधं रुग्णालयातच मिळतात की चिठ्ठी बाहेरची देतात? एका वेळी किती दिवसांची देतात? परतीची शेवटची गाडी कितीची? मग तालुक्याच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात जाऊन विचारा: जिल्ह्याचं मानसिक आरोग्य पथक इथे येतं का, आणि येत असेल तर कोणत्या वारी? बऱ्याचदा उत्तर 'येतात की, महिन्यातून एकदा' असं असतं आणि गावात ते कुणालाच माहीत नसतं.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केस पेपरसह तपासणी आणि उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं वेगळ्या खात्याकडे येतात, तिथले दर आधी विचारून घ्या. पुणे (येरवडा), ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. पण विद्यार्थ्यांच्या बहुतेक तक्रारींसाठी तिथवर जाण्याची गरज नसते. 'येरवडा' हा शब्द ऐकून घरचे बिचकतात तो भाग वेगळाच.

त्याच दिवशी १४४१६ लावून बघा. ही केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. फोन मोफत, चोवीस तास, मराठीतही. दुसरा क्रमांक १८००-८९१-४४१६. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतो आणि गरज वाटली तर पुढे तज्ज्ञाकडे जोडून देतो. भाषा निवडायला कोणतं बटण दाबावं लागतं, माणूस बोलायला किती वेळ लागतो, हे स्वतः अनुभवलं असेल तर विद्यार्थ्याला 'फोन कर' म्हणताना तुमच्या आवाजात खात्री असते.

हे सगळं एका पानावर उतरवा: रुग्णालय, वार, वेळ, खोली, गाडी, फोन. जवळच्या खासगी मानसोपचारतज्ज्ञांची फी आणि विद्यार्थ्यांना ते सवलत देतात का, हेही लिहा. हे पान दर सहा महिन्यांनी तपासावं लागतं, कारण डॉक्टरांच्या बदल्या होतात आणि ओपीडीचे वार फिरतात.

यादीत कोणाला घालायचं याबद्दल थोडं कडक राहा. औषध लिहून देऊ शकतो तो मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे मानसोपचारातली पदव्युत्तर वैद्यकीय पात्रता असलेला डॉक्टर. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. नोंदणी क्रमांक मागायला लाजू नका. समुपदेशक म्हणून मानसशास्त्रात एमए केलेली किंवा समाजकार्यात पदव्युत्तर पदवी (एमएसडब्ल्यू) घेतलेली, देखरेखीखाली काम केलेली व्यक्ती चालते. दोन दिवसांच्या शिबिराचं प्रमाणपत्र गळ्यात घालून फिरणारे 'माइंड पॉवर'वाले चालत नाहीत. प्रेरणादायी व्याख्यात्यांनाही या कामापासून दूर ठेवा. 'मनात आणलं तर काय अशक्य आहे' हे वाक्य नैराश्यातल्या मुलाला आपलाच दोष असल्यासारखं ऐकू येतं.

दुसरी पायरी: एक पत्र, योग्य टेबलावर

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून देशात टप्प्याटप्प्याने सुरू झाला. मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक, परिचारिका असं त्याचं पथक असतं. जागा रिकाम्या असतात, ही ओरड खरी आहे. पण शाळा-कॉलेजांत जीवनकौशल्यं आणि समुपदेशनाचं काम करणं हे त्या कार्यक्रमातच लिहिलेलं आहे. म्हणजे कॉलेजने मदत मागितली तर ते उपकार मागणं होत नाही, त्यांच्याच कामाला जागा देणं होतं. पत्राचा सूर तसाच ठेवा. साधारण मसुदा असा:

'प्रति, मा. जिल्हा शल्यचिकित्सक, जिल्हा रुग्णालय. विषय: जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमांतर्गत महाविद्यालयात मासिक भेटीबाबत. महोदय, आमच्या महाविद्यालयात एकूण … विद्यार्थी शिकतात, त्यांपैकी बहुतांश ग्रामीण भागातून ये-जा करतात. आपल्या पथकातील समाजसेवक अथवा मानसशास्त्रज्ञ यांनी दरमहा एका ठरावीक वारी सकाळी ११ ते २ या वेळेत भेट द्यावी, शिक्षक-शिक्षकेतर कर्मचाऱ्यांसाठी वर्षातून दोन प्रशिक्षणे घ्यावीत आणि तातडीच्या प्रसंगी संपर्कासाठी एका अधिकाऱ्याचे नाव व दूरध्वनी कळवावा, ही विनंती. स्वतंत्र खोली, ने-आणीची व्यवस्था व समन्वयक महाविद्यालय देईल.'

ने-आणीचं वाक्य गाळू नका. बरेचदा सगळं घोडं गाडीपाशीच अडतं. पत्राची प्रत जिल्हाधिकारी कार्यालयाला द्या आणि आवक क्रमांक घ्या. आठवड्याने फोन करा, मग प्रत्यक्ष जा. सरकारी कचेरीत पत्राला पाय माणसानेच लावावे लागतात.

संस्थाचालक खर्चाचं कारण पुढे करतील तेव्हा २५ जुलै २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दाखवा. विशाखापट्टणममध्ये नीटची तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूवरून हे प्रकरण न्यायालयात गेलं होतं. न्या. विक्रम नाथ आणि न्या. संदीप मेहता यांच्या खंडपीठाने त्यात शिक्षणसंस्थांसाठी १५ मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक हवा. त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञांशी औपचारिक जोडणी करायची. सर्व कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यायचं आणि टेलि-मानससह मदतीचे क्रमांक वर्गात, वसतिगृहात, संकेतस्थळावर मोठ्या अक्षरात लावायचे. पूर्णवेळ माणूस परवडत नसेल तर एकाच संस्थेच्या तीन-चार कॉलेजांनी मिळून एक समुपदेशक नेमावा आणि वार वाटून घ्यावेत. हे शक्य आहे. फक्त कोणत्या कॉलेजच्या मस्टरवर सही करायची, हा वाद आधीच मिटवून घ्या.

तिसरी पायरी: माणूस

समुपदेशक आठवड्यातून एकदा येणार. बाकीचे दिवस कोण? नियम असा की शिस्त समितीचा प्रमुख नको, परीक्षा अधिकारी नको, आणि ज्याच्या हातात अंतर्गत गुण आहेत तो शक्यतो नको. ज्याच्याकडे मुलं आधीपासूनच जातात तो हवा. तो कोण, हे स्टाफरूममध्ये विचारू नका. दोन-तीन वर्गांत कोऱ्या चिठ्ठ्या वाटा: 'घरी सांगता येणार नाही अशी अडचण आली तर कॉलेजात कोणाशी बोलाल?' उत्तरं पाहून मोठ्या पदावरची मंडळी थोडी नाराज होतात. नाव ग्रंथालय परिचराचं निघतं, प्रयोगशाळा सहायकाचं निघतं, तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या तरुण मॅडमचं निघतं, एनएसएसच्या सरांचं निघतं.

अशा चार-पाच जणांना निवडा. त्यात निम्म्या तरी बायका असाव्यात आणि किमान एक जण शिक्षकेतर असावा. मानसशास्त्राची पदवी नसलेली माणसं हे काम करू शकतात का, ही शंका रास्त आहे. उत्तर आपल्या शेजारीच सापडतं. गोव्यात 'संगथ' या संस्थेने स्थानिक पदवीधरांना प्रशिक्षण देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रांत समुपदेशक म्हणून बसवलं, डॉक्टरांच्या देखरेखीत. 'मानस' नावाच्या त्या चाचणीचे निष्कर्ष २०१० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले: सरकारी केंद्रांतल्या रुग्णांना त्याचा फायदा झाला. नाशिक जिल्ह्यातल्या खेड्यांत 'आत्मीयता' प्रकल्पानेही गावातल्याच स्वयंसेवकांना तयार केलं. दोन्हीकडे प्रशिक्षण आणि मागे उभा असलेला तज्ज्ञ या गोष्टी होत्या. नुसत्या आपुलकीवर हे काम चालत नाही.

तासिका तत्त्वावरच्या मॅडमना हे काम देणार असाल तर त्याचे तास मोजा आणि मानधन द्या. ज्यांना स्वतःचंच मानधन सहा-सहा महिने मिळत नाही, त्यांच्या गळ्यात फुकटची आणखी एक समिती अडकवणं अन्यायाचं आहे.

विद्यार्थ्यांमधले मित्र-स्वयंसेवक तयार करायचे तर त्यांचं काम तीनच गोष्टींपुरतं ठेवा: लक्ष ठेवणं, ऐकणं, आणि त्या चार-पाच जणांपैकी कोणाकडे तरी घेऊन येणं. जिवावरचं गुपित एकोणीस वर्षांच्या मुलाने एकट्याने पोटात ठेवायचं नाही, हे त्याला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा.

चौथी पायरी: खोली, वेळ, फोन

खोली प्राचार्यांच्या केबिनसमोर नको. ग्रंथालयाजवळची किंवा आरोग्य केंद्राला लागून असलेली बघा, म्हणजे तिथे जाणाऱ्याला 'कुठे चाललास?' असं कोणी विचारणार नाही. पाटीवर 'विद्यार्थी मदत केंद्र' लिहा आणि तिथेच शिष्यवृत्तीचे अर्ज, एसटी पासचे फॉर्म, परीक्षा शुल्काच्या अडचणी अशी कामंही ठेवा. मुलगा महाडीबीटीचा अर्ज अडकला म्हणून येतो आणि दहाव्या मिनिटाला सांगतो की रात्रभर झोप लागत नाही. यातला पहिला प्रश्न खोटा नसतो. शिष्यवृत्तीचा हप्ता न आल्याने खोलीभाडं थकलंय आणि म्हणूनच झोप उडालीय, असंही असतं. तेव्हा अर्जाचं काम खरोखर करा.

वेळ गाड्यांवर बेतायची. दुपारी चारनंतरचं समुपदेशन म्हणजे गावाकडच्या मुलींना बंद दार. तासांच्या मधला, सकाळी अकरा ते दोनचा वेळ ठेवा आणि त्या अर्ध्या तासाची गैरहजेरी लागणार नाही असं प्राचार्यांच्या सहीचं परिपत्रक काढा. परिपत्रकात कारण विचारू नये असंही लिहा, नाहीतर वर्गात मोठ्याने विचारणारे सर असतातच.

बाहेर नावांची वही ठेवू नका. आत समुपदेशकाकडे सांकेतिक क्रमांकाची नोंद पुरते.

फोनवरच्या मदतीतली अडचण शहरातल्या माणसाच्या लक्षात येत नाही. घरी दोन खोल्या, सहा माणसं. मुलीचा मोबाइल भाऊ तपासतो, कॉल लिस्ट वडील बघतात. 'घरून १४४१६ लाव' हा सल्ला तिच्या उपयोगाचा नाही. मदत केंद्रात दार लावून बोलता येईल असा एक फोन ठेवा. कॉलेजच्या आवारातून, कॉलेजच्या फोनवरून, कॉलेजच्या वेळेत. एवढी सोय अगदी स्वस्त आहे, आणि फार थोड्या ठिकाणी दिसते.

पाचवी पायरी: पहिलं बोलणं

मुलं 'मला नैराश्य आलंय' असं क्वचितच म्हणतात. डोकं दुखतं, छातीत धडधडतं, अभ्यास डोक्यात शिरत नाही, जेवण जात नाही, 'सर, कशातच मन लागत नाही' असं म्हणतात. काही जण काहीच म्हणत नाहीत; नेहमी पुढच्या बाकावर बसणारा मुलगा मागे जाऊन बसतो, फी भरूनही परीक्षेला येत नाही, वह्या-पुस्तकं दुसऱ्याला देऊन टाकतो. असे बदल दोन आठवड्यांहून जास्त टिकले तर बाजूला घेऊन विचारायचं.

विचारायचं साधं: 'गेले काही दिवस तू गप्प दिसतोयस. सगळं ठीक आहे ना? मला वेळ आहे, बस.' मग गप्प बसायचं. शिक्षकाला हे सर्वांत जड जातं. 'अरे, एवढ्याशा गोष्टीचं काय', 'आमच्या वेळी तर', 'आईवडिलांचा विचार कर' ही वाक्यं जिभेवर येतील, ती गिळा. विशेषतः शेवटचं. आईवडिलांचा विचार करूनच तो खचलेला असतो.

बोलण्यात हताशपणा जाणवला तर आडवळण न घेता विचारा: 'जीव नकोसा वाटतो का? मरण्याचे विचार येतात का?' असं विचारल्याने डोक्यात नवा विचार घुसतो, ही भीती निराधार आहे. विचारणारा कोणीतरी भेटला याचंच बहुतेकांना हायसं वाटतं. उत्तर 'हो' आलं तर सातव्या पायरीवर जा.

इथे एक पथ्य. उत्साहाच्या भरात अख्ख्या कॉलेजला गूगल फॉर्मवर नैराश्याची प्रश्नावली पाठवू नका. पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली चांगली आहे. एकूण गुण ० ते २७, आणि १० किंवा जास्त आले तर तज्ज्ञाकडे पाठवावं असा ढोबळ संकेत आहे. पण तिचा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. रात्री अकरा वाजता कोणी त्यावर 'जवळजवळ रोज' अशी खूण केली आणि तुम्ही तो फॉर्म पंधरा दिवसांनी अहवालासाठी उघडला, तर ते अक्षम्य आहे. प्रश्नावली समोरासमोर, त्याच दिवशी उत्तरं बघायला माणूस असेल तरच वापरा.

सहावी पायरी: गोपनीयता कागदावर

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्यातली गोपनीयतेची तरतूद उपचार करणाऱ्यांना बांधते. तुमच्या ग्रंथपालाला ती आपोआप लागू होत नाही, म्हणून कॉलेजने स्वतःचा एक पानी नियम करावा आणि मदत केंद्रातल्या प्रत्येकाची त्यावर सही घ्यावी. अठरा पूर्ण झालेला विद्यार्थी कायद्याने सज्ञान आहे. तो डॉक्टरकडे गेला हे त्याच्या परवानगीशिवाय घरी कळवायचं नाही, वर्गशिक्षकाला सांगायचं नाही, स्टाफरूममध्ये नाव न घेता 'आपल्या एफवायच्या एका मुलीचं' अशी सुरुवातही करायची नाही. तालुक्यात नाव घ्यावं लागत नाही.

अपवादही तितकेच स्पष्ट लिहा आणि बोलणं सुरू होण्याआधी विद्यार्थ्याला सांगा. जिवाला धोका असेल तर गरजेपुरती माहिती गरजेच्या माणसाला सांगितली जाईल. त्याच आवारात अकरावी-बारावीचे वर्ग असतील तर त्यातली बहुतेक मुलं अज्ञान, म्हणजे अठराखालची असतात. त्यांच्या उपचारात पालक येतात. अठराखालच्या मुला-मुलीने लैंगिक अत्याचाराची माहिती दिली तर पोक्सो कायद्याखाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. 'मी कोणालाच सांगणार नाही' असं वचन आधी देऊन नंतर मोडण्यापेक्षा हे सुरुवातीला सांगितलेलं बरं.

सातवी पायरी: धोक्याच्या दिवसाचा कागद

हा कागद शांत दिवशी लिहून ठेवायचा आणि मदत केंद्र, ऑफिस, वसतिगृह अशा तिन्ही ठिकाणी लावायचा. त्यात विद्यार्थ्याला एकटं सोडायचं नाही, हे पहिलं. कोण त्याच्याजवळ बसेल आणि कोण फोन करेल, ही दोन नावं आणि त्यांच्या बदली दोन नावं. रुग्णालयात कोणाच्या गाडीतून न्यायचं. स्वतःला इजा केली असेल तर आधी १०८, वेळ न घालवता. नुसते विचार असतील तर १४४१६ वर बोलणं आणि त्याच दिवशी ओपीडी किंवा रुग्णालयाचा अपघात विभाग.

घरच्यांपैकी विद्यार्थी ज्याचं नाव घेईल त्याला बोलवा. तो वडिलांचं घेईलच असं नाही. मामा, आत्या, थोरली बहीण कोणीही चालेल. त्या माणसाला एक काम नेमकं सांगा: घरातली कीटकनाशकं, तणनाशकं आणि जास्तीच्या गोळ्या आजच कुलपात किंवा घराबाहेर. हा टोकाचा क्षण अनेकदा थोडा वेळच टिकतो. त्या वेळात साधन हाताशी नसलं तर जीव वाचतो. ग्रामीण महाराष्ट्रात या एका सूचनेचं मोल फार आहे.

पोलीस केस होईल या भीतीने घरचे लपवाछपवी करतात आणि दवाखान्यात न्यायला उशीर करतात. त्यांना सांगा: आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं गृहीत धरून तिला शिक्षा करू नये, असं २०१७ च्या कायद्याचं कलम ११५ म्हणतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं भारतीय दंड संहितेतलं जुनं कलम ३०९ घेतलेलंच नाही. रुग्णालय पोलिसांना कळवेल, जबाब होईल, पण मुलाला गुन्हेगार ठरवलं जाणार नाही.

आणि दुर्दैवाने कॉलेजातला विद्यार्थी गेलाच, तर मृत्यूची पद्धत, चिठ्ठी, कारणांचे तर्क यांवर भाषण नको, बॅनर नको. जवळच्या मित्रमैत्रिणींची यादी त्याच दिवशी करून प्रत्येकाशी स्वतंत्र बोला. पुढचे काही आठवडे त्यांच्यावर लक्ष लागतं.

आठवी पायरी: दुसरी खेप

पहिल्या खेपेला कोणीतरी सोबत जातं, खरी गळती दुसऱ्या खेपेला होते. भाड्याला पैसे नसतात, तास बुडतात, औषधाने झोप येते, आठवडाभरात फरक वाटत नाही. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात आणि बरं वाटलं म्हणून त्या आपल्या मनाने बंद करायच्या नसतात, हे डॉक्टरांनी घाईत सांगितलेलं असतं. सोबत गेलेल्याने ते गाडीत पुन्हा सांगावं. विद्यार्थी कल्याण निधीतून एसटी भाड्याची तरतूद करा. रक्कम छोटी असते आणि पावती 'प्रवास खर्च' म्हणून फाडता येते, कारण लिहावं लागत नाही. पुढच्या तारखेच्या आदल्या दिवशी 'उद्या जातोयस ना?' एवढंच विचारायचं.

परीक्षेचं बघा. बुडालेल्या अंतर्गत चाचण्या पुन्हा घेण्याचा ठराव महाविद्यालय विकास समितीत करून घ्या. मानसिक आजार २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात समाविष्ट आहे. दीर्घ आजार असेल आणि प्रमाणपत्रावर ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर परीक्षेत जादा वेळ मागता येतो. हे फार थोड्यांना सांगितलं जातं.

घरच्यांशी बोलायचं ते विद्यार्थ्याच्या संमतीने आणि त्याच्या समोर. 'बाहेरचं काहीतरी आहे' म्हणून देवऋष्याकडे नेणं चालू असेल तर त्यावर वाद घालू नका; वादात तुम्ही हरता आणि उपचार थांबतो. 'तुमचं देवाचं करा, पण गोळी बंद करू नका' इथपर्यंत बरेच पालक येतात. मारहाण, उपाशी ठेवणं, चटके असं काही होत असेल तर मात्र गय नाही. त्यासाठी राज्यात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे.

वर्षाची आखणी आणि नोंदी

प्रवेशाच्या दिवसांत माहितीचं पान प्रत्येक ओळखपत्राच्या मागे छापून घ्या. निकाल लागतो तो आठवडा, भरतीची यादी लागते ते दिवस, लग्नसराई, पीक हातचं गेलेलं वर्ष, या वेळी मदत केंद्र जास्त तास उघडं हवं. पालकांची बैठक बाजाराच्या दिवशी ठेवा, नाहीतर खुर्च्या रिकाम्या राहतात.

न्यायालयाच्या तत्त्वांनुसार नावं वगळून नोंदी ठेवायच्या असतात आणि वार्षिक अहवाल द्यायचा असतो. त्यात कार्यक्रमांचे फोटो आणि उपस्थिती भरपूर येते. तुम्ही आणखी काही आकडे ठेवा: किती जण स्वतःहून आले, रुग्णालयात पाठवलेल्यांपैकी किती खरंच पोचले, त्यातले किती दुसऱ्यांदा गेले, आणि मुली किती. तिसरा आकडा पहिल्या वर्षी वाईट येईल. तो तसाच छापा आणि पुढच्या पत्रासोबत जिल्हा रुग्णालयाला जोडा. ओपीडीचा वार बदलून घ्यायला तोच उपयोगी पडतो.

तासिका तत्त्वावरच्या मॅडमची नेमणूक सत्र संपलं की संपते, समाजसेवकाचं कंत्राट मार्चमध्ये. म्हणून फेब्रुवारीतच चालू उपचारातल्या प्रत्येक विद्यार्थ्याला विचारून, त्याला चालेल अशा कायम कर्मचाऱ्याशी समोरासमोर गाठ घालून द्या. कपाटाची किल्ली, सांकेतिक क्रमांकांची यादी आणि ते एक पान लेखी पोच घेऊन सोपवा.